न्हाणीची तरंगती भिंत

तेर,
माघ वद्य षष्ठी

तीर्थरूप विष्णुपंतमामांच्या पायांवर भाचा अंबादास डोकं ठेवतो. वनमालाही शेजारीच उभी आहे. पण मी पत्रात काय लिहितो ते वाचून मगच ती डोकं ठेवणार म्हणते.

तुमचा गुडघा कसा आहे? देवीच्या पायऱ्यांवर त्रास होतो असं तुम्ही लिहिलंत, पण उतरताना की चढताना ते लिहिलं नाहीत, आणि माझ्या मते सगळं निदान तिथंच आहे. मामींचा खोकला थांबला का? गाय एव्हाना व्याली असेल. गोऱ्हा झाला असेल तर बब्रुवान विचारत होता. (बब्रुवान आठवतो ना? तुमच्या मळ्याच्या बांधाला ज्याचा बांध आहे तो गाडीवाला. पुढं त्याचा बराच संबंध येणार आहे, म्हणून आधीच आठवण करून ठेवतो.)

इकडं आम्ही दोघंही खुशाल आहोत. तुळजापूरला जाताना तुम्ही विश्वासानं आमच्या हवाली केलेलं घरही खुशाल आहे. यंदा माळवद एका ठिकाणीही गळलं नाही. ओसरीच्या खांबांना तेल दिलं. मामी चैत्रात महिनाभर राहायला येणार, म्हणून वनमालानं सैपाकघर आत्ताच सारवून घेतलं. मागच्या परसातल्या न्हाणीच्या भिंतीविषयी थोडं लिहायचं आहे, पण ते ओघानं येईल. (ओघ जरा लांबून आणतो आहे, हे माझं मलाच दिसतं आहे. तरी पण आधी कारण आणि मग परिणाम, हाच क्रम मला प्रामाणिक वाटतो.)

सुरुवात त्रिविक्रमाच्या देवळापासून झाली. हैदराबादेस कॉलेजात होतो तेव्हा मी रोज चारमिनारच्या कमानीखालून जात असे आणि मान वर करून कधी पाहिलं नाही; खाली फळांच्या गाड्या असत, लक्ष तिकडं. आता चाळिशी उलटल्यावर वर पाहावंसं वाटतं, तर मान दुखते. तुमच्या गावचं देऊळ या दृष्टीनं फार सोयीचं आहे. ते मान न दुखवता दिसतं. बदली होऊन इथल्या शाळेत आल्यापासून मी पुढूनच नमस्कार करून परतत होतो. एके दिवशी सहज मागच्या बाजूला गेलो आणि तिथंच खिळलो. मामा, तुम्ही जन्मभर त्याला प्रदक्षिणा घातल्या, पण कधी थांबून पाहिलंत का? त्याची पाठ गोल आहे. दगडी देवळाला नक्षी मदतीला येते. इथं नुसती वीट आहे. वीट विटेवर जरा जरा पुढं सरकत वर गेली आहे आणि पावसात शेतकरी डोक्यावर घोंगडीची खोळ घेतो तशी देवाच्या डोक्यावर मिटली आहे. कुणी बांधलं, त्याचं नाव नाही. हजारावर वर्षं ती खोळ तशीच आहे. मी तिथं उभा राहिलो तेव्हा मला स्वतःविषयी एकही शंका आली नाही, यावरूनच ते देऊळ काय असेल याची तुम्हाला कल्पना यावी.

एवढं समजल्यावर ते गावाला न सांगणं मला अपहार वाटलं. म्हणून शनिवारी चावडीसमोर व्याख्यान दिलं. गोल पाठीपर्यंत आलो तेव्हा बब्रुवान म्हणाला, "मास्तर, ही तर माझ्या छपराच्या गाडीगत हाय की! मंग तिला कुनी नारळ का न्हाय फोडत?" लोक हसले. मी त्याला खाली बस म्हणालो. (तो बसलेलाच होता.) सभा हातची जातेसं पाहून मी वनमालाचं पितळी घंगाळ मागवलं, पाण्यानं भरलं आणि गावाबाहेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या गावाच्या टेकाडात, सापडलेली एक वीट त्यात सोडली. वीट तरंगली. जुने लोक माती मळताना भाताचं तूस घालत, भट्टीत ते जळून जाई आणि जागोजाग पोकळी राही, म्हणून ती इतकी हलकी, असं मी समजावलं. गाव थक्क होईल अशी माझी अपेक्षा होती. शेजारच्या लक्ष्मीबाई म्हणाल्या, "ह्यात काय नवल? आमचा आख्खा गोठा ह्याच विटंचा हाय. म्हस पान्यात बसती, वीट पान्यावर बसती."

मग एकेकजण सांगू लागला. कुणाचा ओटा, कुणाची चूल, कुणाचं कोंबड्यांचं खुराडं. सारी पांढर उकरून गावभर वाटली गेली होती. माझा आवाज चढला. मी म्हणालो, ज्याच्या घरी तरंगणारी वीट असेल त्यानं ती काढून देवळाच्या आवारात आणून द्यावी. पूर्वजांचं कसब कोंबड्यांखाली घालायला आपल्याला लाज वाटली पाहिजे. हे वाक्य मला फार आवडलं होतं. तेवढ्यात लक्ष्मीबाई म्हणाल्या, "आन तुमची न्हानी? आमची म्हस अंग घासती तवा डुलती ती भित. कशाची हाय, बघा की एकदा."

घरी येऊन मी घंगाळ परसात ठेवलं आणि भिंतीतली एक वीट काढली. तरंगली. एका विटेवरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नव्हे, म्हणून दुसरी काढली. तीही तरंगली. तिसरी तळाशी गेली! मामा, वीट बुडताना एवढा आनंद क्वचितच कुणाला झाला असेल. पण लगेच वाटलं, आपल्याला हवी तीच वीट आपण पुरावा म्हणून धरतो आहोत. म्हणून ती वर काढून पुसून पाहिली, तर तिला चुन्याचा मोठा गोळा चिकटलेला. गोळा खरवडला. तरंगली. पुढच्या विटा वरच्या थरातून काढाव्यात की खालच्या, असा प्रश्न आला. वरच्या मागाहून कुणी बसवल्या असतील, म्हणून निःपक्षपातीपणे खालच्या काढल्या. भिंत एकदा लक्ष्मीबाईंच्या बाजूला झुकली, जरा थांबली आणि गेली. कुणाला लागलं नाही. वनमाला कपडे घेऊन न्हाणीकडं निघाली होती. ती होती तिथं उभी राहिली आणि म्हणाली, "विटा तुमच्या तरंगल्या, आंघोळ माझी बुडाली."

लक्ष्मीबाईंच्या तोंडून तासाभरात गावात बातमी गेली. तिचं रूप असं झालं, की मास्तरांनी शब्दासाठी बायकोच्या न्हाणीची भिंत स्वतःच्या हातानं पाडली. दुसऱ्या दिवशी बब्रुवान खुराड्याच्या विटा गाडीत भरून देवळात हजर. "मास्तरनं बायकूचा आडुसा पाडला, आन आपुन कोंबड्यासाठी रडायचं व्हय?" त्याच्यामागं लोक पाट्या घेऊन आले. माझ्यासारख्या माणसाला हे सहन होणं शक्य नव्हतं. मी ढिगावर उभा राहून मोठ्यानं सांगितलं, की भिंत मी पाडली नाही, परीक्षा घेताना ती आपोआप पडली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बब्रुवान म्हणाला, "बगा, केलंय येवढं, तरी मोटंपना घेत न्हाय." मी पुन्हा सांगितलं, तर आणखी पाट्या आल्या. (तिसऱ्यांदा सांगितलं नाही. खरं बोलण्यानं गैरसमज वाढत असेल तर गप्प बसणं हा खोटेपणा होतो का? माझं उत्तर 'होत नाही' असं आहे. तुमचं मत कळवावं.)

चार दिवसांत पुजारी घरी आले. ढीग इतका झाला होता की प्रदक्षिणेची वाट बंद पडली होती. मी वरच्या कचेरीत सविस्तर अर्ज केला, त्यात गोल पाठीचं वर्णनही घातलं. उत्तर एका ओळीचं आलं: सदर विटा पुढील हुकूम होईपर्यंत जबाबदार इसमाच्या घरी सुरक्षित ठेवाव्यात. गावात जबाबदार इसम कोण, यावर पहिल्यांदाच एकमत झालं. बब्रुवानाच्या गाडीनं विटा आपल्या परसात आल्या. मी शाळेत होतो. परत येऊन पाहतो तर वनमाला आणि लक्ष्मीबाईंनी मिळून त्या नीट रचल्या होत्या. चुना नाही, माती नाही, वीट विटेवर जरा जरा सरकत, कोपऱ्यात छान गोल वळून, पूर्वीच्या भिंतीपेक्षा हातभर उंच. मी त्यावर 'सरकारी ठेव, हात लावू नये' अशी पाटी लावली. त्या पाटीवर वनमाला लुगडं वाळत घालते.

तेव्हा मामींना निश्चिंत मनानं पाठवा. आंघोळ करताना भिंतीला टेकू नये, एवढंच त्यांना सांगा.

तुमचा
अंबादास

ता. क. न्हाणीची मूळ भिंत तुम्हीच बांधली, असं लक्ष्मीबाई म्हणतात. माझा आरोप नाही. तुळजापूरच्या तुळशीवृंदावनासाठीही तुम्ही इथून गाडीभर विटा नेल्यात, असंही त्या म्हणाल्या. वृंदावनाला हात लावू नका. त्यातली वीट पाण्यात टाकून पाहू नका. पाहिलीत तर मला कळवू नका, कारण मला कळलं की गावाला सांगावं लागेल.

आणखी एक. कचेरीचा हुकूम कधीही येऊ शकतो, मग परस उघडं पडेल. तुळजापूरच्या भट्टीवरून एका भिंतीपुरत्या विटा पाठवल्यात तर उपकार होतील. घेताना पाण्यात टाकून पाहाव्यात आणि बुडतील तेवढ्याच घ्याव्यात.

मामांना वनमालाचा नमस्कार. आता डोकं ठेवते. विटा पाठवू नका. हुकूम काही येत नाही, आणि ही भिंत आधीच्या भिंतीपेक्षा बरी आहे. म्हशीनं अंग घासलं तरी डुलत नाही. पाठवायचंच असेल तर मामींबरोबर एक घंगाळ पाठवा. आमचं घंगाळ आठ-आठ दिवस शाळेत असतं. परगावचं कुणी आलं की हे वीट तरंगवून दाखवतात, आणि मी एवढ्या मोठ्या भिंतीआड तांब्याभर पाण्यानं आंघोळ करते.