दुपारच्या घोरण्याला कायमचा पत्ता

ती. दाजींना सा. न.

तुमचा गुडघा, ताईचा खोकला आणि तुमच्याकडचा तो गळका नळ, तिन्ही आता आटोक्यात असावेत. (नळाचा वायसर उलटा बसलाय, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.) आम्ही सगळे मजेत.

फोन लागला की तुम्ही लगेच ताईच्या हातात देता, म्हणून लिहायला बसलो. माझा दुपारच्या घोरण्यावरचा लेख एका शास्त्रीय नियतकालिकानं स्वीकारला! रेडिओ-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या, कॉलेजची पायरीही न चढलेल्या माणसाचा. अट एकच: रेकॉर्डिंग आणि मोजमापं आधी एखाद्या रिपॉझिटरीत ठेवा, नाहीतर लेख छापणार नाही. रिपॉझिटरी म्हणजे संशोधनाची कच्ची माहिती कायम जपणारं इंटरनेटवरचं कोठार. मी कळवलं, माझं लोखंडी कपाट आहे, कुलूपही चांगलं आहे. चालत नाही म्हणे.

मग लग्नाची स्थळं पाहावीत तशी कोठारं पाहायला लागलो. पहिलं विद्यापीठाचं. त्यांनी विचारलं, तुमचा विभाग कोणता? मी लिहिलं, दुकानामागची खोली. अर्ज तिथंच बाद. दुसरं फुकट, आणि कुणाचंही काहीही ठेवून घेणारं. चाचणी म्हणून मी मिक्सरच्या झाकणाचा फोटो चढवला, तर लगेच "संशोधनाबद्दल अभिनंदन" असं आलं. न बघता माल घेणाऱ्याला मी स्क्रूसुद्धा देत नाही. तिसरं खास ध्वनिसंशोधनाचं. तिथल्या बाईंनी पानभर शंका काढल्या आणि मी मनातून खूश झालो. घोरण्याची माझी स्वतःची मोजपट्टी आहे: पंखा, शिलाई मशीन, मिक्सर, ट्रॅक्टर. बाईंनी विचारलं, मिक्सर रिकामा की भरलेला? दाजी, इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणीतरी विचारला! (सख्ख्या बायकोनंही विचारला नव्हता.) मी चारही यंत्रांचे आवाज डेसिबलमध्ये मोजून खुलाशाची वेगळी फाइल जोडली. मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या फाइली फक्त माझ्याच कॉम्प्युटरवर उघडतात, हेही अभिमानानं कळवलं. बाई म्हणाल्या, "मग तुमच्यानंतर त्या कोण उघडणार?" हे जरा लागलं. मुकाट्यानं सगळं साध्या तक्त्यांत उतरवून दिलं. "माहिती वापरण्याआधी मला फोन करावा" ही माझी अट मात्र त्यांनी ठेवली नाही.

आता सगळं मार्गी लागलंय. एक किरकोळ गोष्ट तेवढी राहिली, ती खाली लिहितो.

तुमचा मेहुणा

ता. क. ज्याचा आवाज आहे त्याची लेखी संमती लागते. दर सुट्टीत आमच्याकडे आल्यावर, जेवण झालं की दुकानामागच्या आरामखुर्चीत जे सद्गृहस्थ कलंडतात, ते तुम्हीच. नाव कुठंही नाही, फक्त "व्यक्ती क्र. १". सोबतच्या कागदावर सही करून पाठवा. तुमच्या सहीवाचून लेख अडलाय.

आणखी एक ता. क. "मी घोरतच नाही" हे तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. तसं असेल तर हा आवाज माझा नव्हे, असं लिहून द्या, तेही चालेल. फक्त साक्षीदार म्हणून खाली ताईची सही घ्या.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता बाईंचा निरोप आला. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये दोन माणसं घोरतायत म्हणे. दुसऱ्याचीही संमती पाठवा. बायको मघापासून पोट धरून हसतेय. मला तर काही उलगडा होत नाही. त्या खोलीत दुपारी आपण दोघंच असतो, आणि मी मोजमापं घेत जागा असतो.