कापूस गिळणारं मीठ

राळेगाव, ता. १-१२-६३

ती. श्रावणदादास,
पंचफुलेचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुह्यं पत्र दोनदा वाचलं. कालेजात साहेबासंग तू असं मीठ बनवलं का ते पान्याबिगर पातळ होते अन् त्याच्यात टाकलेला कापूस दिसेनासा होते. आमी इथं दिवसभर कापूस वेचून राह्यलो अन् तू तिकडं मिठाले चारून राह्यला! पयले हसू आलं, मंग भेव लागलं. पंधरा तारखेच्या इतवारी माह्या उकंडाचं जावळ हाय. सासूबाई म्हनते, मामाच्या मांडीवरच काढा लागते. पन लेकराच्या अंगावर कापसाचं झबलं, अन् तुह्ये हात त्या मिठाचे. पयली पोर गेल्यापासून मले साऱ्याचंच भेव लागते. तू ये, पन लेकराले हात नको लावजो. रागावशीन तं रागाव.

तुही भेकड बहीण,
पंचफुला


नागपूर, ता. ७-१२-६३

चि. पंचफुलास अ. आ.

अव येडे, माह्ये हात विरघळले असते तं हे पत्र कोनं लिहिलं? ऐक. एक घान वासाचं औषध अन् दुसरं डोळ्याले झोंबनारं, दोन्ही बंद शिशीत तापवतो. थंड झालं का पांढरं मीठ. वास नाई. उकळत्या पान्याहून जास्त तापवलं का तेलावानी पातळ होते, तवाच कापूस गिळते. गार असलं का नुसतं हवेतलं पानी पिऊन चिकट होते, म्हनून बूच घट्ट लावतो. अन् त्या पातळ मिठात पानी ओतलं का गिळलेला कापूस पांढराफेक वापस! साहेब म्हनते, जिनिंगातल्या आखूड रुईचा याच्यातून धागा ओढता येईन. मी हातमोजे घालतो, साबनानं हात धुतो. मामा मीच हाय. मांडी घेऊन येतो.

तुहा,
श्रावणदादा


राळेगाव, ता. १७-१२-६३

ती. दादास जयभीम वि. वि.

एस.टी. भेटली ना? आंघोळ करून आलता तरी साऱ्याईसमोर मी तुह्या हातात कापूस देला अन् अर्धा घंटा धरून बसवलं. राग नको मानजो. शेजारची मैनाबाई अजून हसून राह्यली, म्हनते, मामाची परीक्षा पाहाले अख्खं गाव आलतं. कापूस जसाच्या तसा निघाला, तवाच लेकरू देलं. अन् त्यानं तुह्यं नवं धोतर भिजवलं! ते धुतलं, धागाबी कमी नाई.

तुह्या हातातला कापूस फेकला नाई. उकंडाच्या उशीत भरला. त्याच्यावरच निजला हाय.

लोभ हाय तसाच ठेवजो, मिठाचं बूच घट्ट लावजो.

तुही,
पंचफुला