जिराफ सापडला, ससा कुलपात

२८ डिसेंबर

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तू पासष्टीला आलास, तीन नातवंडांचा आजोबा झालास, तरी मी बारक्याच लिहिणार. पाकिटावर हवं तर 'श्री.' लावते.

माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो. चाळीस वर्षं उभं राहून त्यानं माझी भाषणं निमूट ऐकली, आता त्यालाही बोलायचा हक्क आहे. तू दाराला बसवून दिलेलं कुलूप छान चालतं. समोरच्या बाईंना आवडलं, त्यांना तुझ्या दुकानाचा पत्ता दिलाय. त्या घासाघीस करतील, ऐकू नकोस.

नाताळ छान झाला. केक मऊ होता, झाडही नेटकं होतं.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि चहा करून आले. नाताळ छान झाला नाही, बारक्या.

सुरुवात छान होती, हे मात्र खरं. झाडाभोवती मुलांची खेळणी मांडायची ही तुझी कल्पना मला मनापासून आवडली होती. प्रत्येकानं आपलं सगळ्यात लाडकं खेळणं आणायचं, संध्याकाळी झाडाभोवती बसवायचं आणि सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तू मुलांना म्हणालास, "आमच्या घरात खेळणी पोत्यानं यायची आणि पोत्यानं जायची, आमचं त्यात एकही नसायचं. म्हणून आपल्याकडे आता दरवर्षी खेळण्यांना मानानं बसवायचं." तू भाषण करत नाहीस, पण त्या दोन वाक्यांवर मी माझी निम्मी भाषणं ओवाळून टाकीन. मग तू गुडघ्यांवर बसून सगळ्यांची रांग लावलीस. धाकट्याची बिनचाकाची बस, थोरल्याचा लाकडी जिराफ, आणि एका कानाचा तो मळका ससा, भिंगरीचा. सहा वर्षांची पोर, पण सशाचं तोंड झाडाकडे असावं की माणसांकडे, यावर तिनं तुझ्याशी केवढा वाद घातला!

सकाळी जिराफ जागेवर नव्हता. सगळ्यांच्या आधी भिंगरी उठली होती.

तुझे जावई चहाचा कप घेऊन काय म्हणाले, आठवतंय? "तपास कशाला हवा, सासरेबुवा? आजोबांचं रक्त आहे ते. बाहुलीचोराची नात जिराफचोर!" सगळे हसले. तूही हसलास. सत्तावन्न वर्षं तू त्या विनोदावर हसतोयस.

मग तू तिला स्टुलावर बसवलंस. "कुठे टाकलास? खरं सांग, आजोबा रागावणार नाहीत." ती म्हणाली, मी नाही. तू पुन्हा विचारलंस. ती पुन्हा म्हणाली, मी नाही. तुझा आवाज चढला नाही, हे मी कबूल करते. तो चढला असता तर कुणीतरी मध्ये पडलं असतं. शेवटी तिनं तुझ्याकडे न बघता सांगितलं, "जिन्यावरून खाली टाकला." तू चार मजले उतरलास, शोधलंस, धापा टाकत वर आलास आणि म्हणालास, "खोट्यावर खोटं." आणि तिचा ससा उचलून कपाटात ठेवून कुलूप लावलंस. महिनाभरासाठी.

मी काय करत होते? मी केक खात होते.

ज्या बाईनं भर सभागृहात कारखान्याच्या मालकांना बसल्या जागी घाम फोडला, जी बोलायला बंदी असताना फळकुटावर चढून बोलली, जिनं अन्याय समोर घडताना जो गप्प बसतो तोही त्यात सामील असतो असं हजार वेळा ओरडून सांगितलं, ती बाई बशी मांडीवर घेऊन केक खात होती. त्याच्या कारणापर्यंत मला पोचायचंय. धीर धर. मलाही धीर धरावा लागतोय.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. "ताई, सापडला हो जिराफ! जावयांच्याच बुटात! धाकट्यानं कोंबून ठेवला होता." ती हसत होती. मी विचारलं, भिंगरीला काय सांगितलंत? "काय सांगायचं? लहान आहे, विसरून जाईल. आणि हे म्हणतात, टाकला नव्हता तर टाकला असं म्हणालीच कशी? खोटं बोलल्याबद्दल ससा महिनाभर आतच राहू दे. आणि पुढच्या वर्षीपासून झाडाभोवती काही मांडायचं नाही. कटकट नको."

लहान आहे, विसरेल. तू आठ वर्षांचा होतास. विसरलास?

तुला जे आठवतं ते आधी लिहिते. आई कारखान्यातून बाहुल्या घरी आणायची. केस ती चिकटवायची, डोळे मी बसवायचे, कारण माझी बोटं बारीक होती. तुला आम्ही जवळ येऊ द्यायचो नाही, तुझ्या हाताला कायम शाई. एकदा माल परत नेला तेव्हा एक बाहुली कमी भरली. आईनं तुला उलथन्यानं मारलं, कुठे टाकलीस म्हणून. पहिल्यांदा तू नाही म्हणालास, मग म्हणालास, "गटारात टाकली." दुसऱ्या दिवशी तिनं तुला कारखान्याच्या फाटकावर नेलं. मुकादमानं सगळ्या बायकांसमोर तुला कान धरून उभं केलं. आईचं काम टिकलं. आणि तू जन्मभरासाठी बाहुलीचोर झालास.

ती बाहुली मी घेतली होती.

तिचा डावा डोळा माझ्या हातून तिरका बसला होता. असा माल मुकादम बाजूला फेकायचा. मला वाटलं, बाजूला फेकलेला माल कोण मोजतं? अकरा वर्षांच्या मुलीचं गणित. ते फेकलेलाही मोजून घ्यायचे, बारक्या, त्यांचं काहीच सुटायचं नाही. मी ती वरच्या फळीवर गोधडीत लपवली. तुला मार बसत होता तेव्हा मी दोन हातांवर होते. माझ्या हातात सुई होती आणि मी पुढच्या बाहुलीचा डोळा बसवत होते. तोही तिरका बसला.

तुला फाटकावर नेलं त्या सकाळी मी ती पाणी तापवायच्या बंबात घातली. एकदाही खेळले नाही तिच्याशी. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. आई तुला घेऊन परत आली, उंबऱ्यात थबकली, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि खिडकी उघडली. नंतर एक शब्द नाही. मरेपर्यंत नाही.

आईला कळलं होतं. ती आता नाही, तिच्यावर आरोप करायला मला लाज वाटते, तरी लिहिते. माझ्या बोटांवर घर चाललं होतं. मला फाटकावर उभं केलं असतं तर डोळे बसवायचं काम गेलं असतं. तुझ्यावर काहीच चालत नव्हतं, म्हणून तुला चोर ठेवणं परवडत होतं. गरिबीनं आईला हे करायला लावलं, असं मी व्यासपीठावरून म्हणेन आणि ते खरंही आहे. पण मला कुणी भाग पाडत होतं? गेली चाळीस वर्षं?

सगळ्यात घाण गोष्ट अजून लिहिली नाहीये. ती फाटकाची गोष्ट मी भाषणातून सांगते. "माझा निष्पाप भाऊ, आठ वर्षांचा, कान धरून उभा होता!" यावर बाया पदरानं डोळे पुसतात. तुझ्या निष्पापपणाची ग्वाही मी हजारो परक्यांना दिली, फक्त घरात दिली नाही. एकदा तू मागच्या रांगेत येऊन बसला होतास. सभा संपल्यावर तू मला बाजूला घेतलंस आणि म्हणालास, "ताई, माझ्यासाठी खोटं कशाला बोललीस? चोरी केलीच होती ना मी."

तू ते खरं मानून बसला होतास. गटार कुठलं, बाहुली कशी बुडाली, हेही तू मला सांगितलंस. मार थांबावा म्हणून रचलेली गोष्ट तुझी आठवण झाली होती. आणि मी काय उत्तर दिलं? "भाषणात चालतं रे तेवढं."

तू कुलपं दुरुस्त करणारा झालास. गावभरच्या किल्ल्या तुझ्या हाती असतात आणि एखादी जादा बनली तर तू गिऱ्हाइकासमोर ती कापून टाकतोस. लोक म्हणतात, काय सचोटी! मला माहीत आहे, तू जन्मभर कसली भरपाई करतोयस. जे केलंच नाहीस त्याची.

नाताळच्या सकाळी भिंगरी म्हणाली, "जिन्यावरून खाली टाकला," तेव्हा मला तुझाच आवाज ऐकू आला. तोच सूर, तीच खाली घातलेली मान. म्हणून मी बोलू शकले नाही. तोंड उघडलं असतं तर हे सगळं बाहेर पडलं असतं, जावयांच्या देखत. मी पुन्हा स्वतःलाच वाचवलं. हे कारण आहे, सबब नाही.

आता ऐक. मोठी बहीण म्हणून सांगायचा हक्क मी गमावलाय, तरी सांगते. हे पत्र वाचून झाल्या झाल्या कपाट उघड. ससा तिच्या हातात दे आणि सगळ्यांसमोर तिला सांग की आजोबा चुकले. "जाऊ दे, विसर" म्हणू नकोस. तिनं न केलेलं कबूल का केलं, हे या घरात फक्त तुलाच कळू शकतं. पुढच्या वर्षी खेळणी मांडायची की नाही, हेही तिलाच विचार.

मग रविवारी सगळ्यांना बसवून हे पत्र मोठ्यानं वाच. जावयांना पहिल्या रांगेत बसव. मी वाचणार नाही. माझ्या तोंडून गेलं की त्याचं भाषण होईल, कुणीतरी रडेल, कुणीतरी मला पाणी आणून देईल. मला ते पाणी नको. मी त्या दिवशी येणारही नाही. तुला शिव्या द्यायच्या असतील तर मोकळेपणानं देता याव्यात.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, तुझा स्वभावच तसा आहे, आणि मी पुन्हा स्वस्तात सुटेन.

तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी असलेली,
ताई