परत घेतलेली खोकी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नाशिकच्या सातपूरवरून जाताना तासलेल्या लाकडाचा वास आला की माझी मान आपोआप वळते. बाबांच्या मागे तो पत्र्याच्या शेडमधला खोक्यांचा कारखाना तू चालवलास. एका मोठ्या कंपनीची यंत्रं बाहेरगावी जायची, त्यांना लाकडी खोकी आपण पुरवायचो. एका पावसाळ्यात त्यांच्या स्टोअरमधून टेम्पोभर खोकी परत आली. लाकूड ओलं आहे, म्हणे. आपले सुतार मिस्त्री पेठ तालुक्यातले. त्यांनी फळी कापून पाहिली. "बाई, आतून कोरडं हाय. ह्यांनीच उघड्यावर ठेवलं असंल." तू म्हणालीस, "जाऊ द्या. रोजचं गिऱ्हाईक आहे, वाद कशाला?" आणि खोकी उतरवून घेतलीस.

पुढे कंपनीनं पैसेच थांबवले. त्या टेम्पोचे नव्हे, त्याआधीच्या सगळ्या मालाचे. तू फाटकावर उभी राहायचीस आणि साहेब मीटिंगमध्ये असायचे. मिस्त्रींचा पगार भागवायला तू रंध्याचं मशीन विकलंस. शेवटी गंगापूर रोडच्या वकिलांनी मार्ग सुचवला. आधी नोटीस. तीन आठवड्यांत पैसे आले नाहीत, तर कंपनीला देणी फेडता येत नाहीत असं धरून ती बंद करण्यासाठी हायकोर्टात अर्ज. तू दचकलीस. "बंद पाडायची? मग आतल्या माणसांनी खायचं काय?" ते हसले. "बंद कोण पाडतंय, बाई! नुसतं घाबरवायचं. निमूट पैसे देतील."

कंपनी घाबरली नाही. मुंबईच्या कोर्टात त्यांचे वकील उठतात, आणि मी, कॉलेजातली पोर, त्यांचं इंग्रजी ऐकून तुझ्या कानात मराठी सांगते आहे. माल खराब होता, यंत्रं गंजली, आमचं नुकसान यांच्या बिलांपेक्षा जास्त. पुरावा? बाईंनी एका शब्दानं हरकत न घेता खोकी परत घेतली. न्यायाधीशांचा आवाज मऊ होता. देणंच खरोखर वादात असेल, तो वाद नुसता बनाव नसेल, तर तेवढ्यावरून कंपनी बंद करता येत नाही. वसुलीसाठी दबाव आणायची ही जागा नव्हे, दिवाणी दावा लावा. "काय म्हणाले?" तू विचारलंस. "वाद खरा वाटतो, म्हणाले." तू माझ्याकडे बघत राहिलीस. "वाद? अगं, मी वाद घातला कुठे?"

नाशिकला दावा लावला. तारखा पडत गेल्या, दरम्यान कारखान्याला कुलूप लागलं, मिस्त्री गावी गेले. शेवटच्या आजारपणातही तू विचारायचीस, "तारीख कधी आहे गं?" तू गेल्यावर मी दावा चालवला आणि जिंकलाही. यंत्रं आपल्या खोक्यांमुळे गंजली हे त्यांना दाखवता आलं नाही. पण तोवर बँकेनं हायकोर्ट गाठलं होतं. बँकेच्या कर्जाबद्दल कंपनीला वाद घालता येईना, आणि त्याच कायद्यानं ती मुकाट्यानं बंद झाली. मालमत्ता विकणाऱ्या सरकारी कचेरीत कारकून मला म्हणाला, "ताई, आधी कामगार आणि बँक. उरलं तर तुमचं." काही उरलं नाही.

न्यायाधीश चुकले असं मी बरीच वर्षं म्हणत आले. आता म्हणत नाही. त्यांच्यासमोर जे आलं, त्यावरून दुसरं काय म्हणणार होते ते? तेवढं मी पचवलं आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. कंपनीला सील लागलं त्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेले होते. फाटकाबाहेर कामगार उन्हात बसले होते, काहींच्या बायका पोरांना घेऊन आल्या होत्या. एकीनं मला विचारलं, "ताई, परत कधी उघडंल काय सांगत्यात का?" मी नाही म्हणून मान हलवली. मला आनंद झाला होता, आई.