चाकापाशी ओला डाग

खंडेनवमी, संध्याकाळ

बाबांची अँबॅसिडर आज नऊ वर्षांनी सुरू झाली. उद्या सीमोल्लंघनाला आईला घेऊन शहराबाहेरच्या बस्सी गावापर्यंत जायचं म्हणतात. मेकॅनिक जाताना मला एकटीला गाठून म्हणाला, “दीदी, ब्रेक का भरोसा नहीं, बाहर मत निकालना.” मी नुसती मान डोलावली. बाबांना सांगितलंच नाही. का? आईच्या आजारपणानंतर आज पहिल्यांदा हसत होते, म्हणून?

मागच्या चाकापाशी फरशीवर ओला डाग होता. पुसला. गाडीची पूजा करताना पाहिलं, पुन्हा तिथेच. पाणी असेल म्हटलं, पण बोटाला तेलकट लागलं.

उद्या निघताना चिरडायला बाबांनी आत्ताच चाकांखाली लिंबं ठेवलीत. आई साडी निवडतेय. सांगायलाच हवं. जेवताना सांगू? की सकाळी?

खिडकीतून दिसतंय. डाग लिंबापर्यंत आलाय.