थोरलीनं घातलेली वेणी

प्रिय भोचक भवानी,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. तू लिहितेस त्या मालिकेतल्या थोरल्या जावेनं आता धाकटीच्या दुधात विष कालवायचं, असा तुझ्या साहेबांचा हुकूम आहे. पुढच्या सोमवारपर्यंत एक तर तसं लिहायचं, नाहीतर नोकरी सोडायची, हे तू रडत रडत सांगितलंस. लोकांना चांगुलपणा नको असतो, विखार हवा असतो, असं ते म्हणतात म्हणे. आता खरं सांगू? ते अगदीच खोटं बोलत नाहीत. तुझी थोरली पडद्यावर आली की मला स्वतःलाच कोण आनंद होतो! काय तोंड सोडते बाई! आमच्या शिलाईच्या कारखान्यात आम्ही सगळ्याजणी मिळून तिला जेवढ्या शिव्या घालतो, तेवढ्या मुकादमालाही घालत नाही.

तसं आमचं बघणं म्हणजे ऐकणंच. टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला आणि नजर सुईवर. मान वर केली की शिवण वाकडी गेलीच म्हणून समज. त्यामुळे दुपारी कालचा भाग पुन्हा लागतो, तो आम्ही कानांनी बघतो. आणि तू, माझ्या पोटची पोर, अख्खा प्रसंग बिनसंवादाचा लिहिलास! आवाज नाही, गाणं नाही, काही नाही. आम्हाला वाटलं टीव्ही बिघडला. बटणांची काजं करणारी आमची काजेवाली उठून त्याला दोन चापट्या मारायला गेली, आणि हात तसाच वर धरून उभी राहिली. मग एकेक मशीन थांबत गेलं. पडद्यावर धाकटी तापानं बेशुद्ध, आणि ती कजाग थोरली तिच्या उशाशी बसून केसांतला गुंता सोडवतेय. एकेक बट घेऊन, दुखू नये म्हणून मुळाशी धरून. मग तिनं सैलशी वेणी घातली, उशीच्या अभ्र्याची कड फाडून ती बांधली, आणि कोणी यायच्या आत निघून गेली. नाटकं करतेय मेली, असं कॉलरवाली ओरडली, तर काजेवाली तिच्यावर अशी खेकसली की विचारू नकोस. अगं, वर्षभर जिच्या नावानं बोटं मोडली, ती मनातून चांगली निघावी म्हणून सगळ्या बायका जीव मुठीत धरून बसल्या होत्या! वाईट माणसाला आपण रोज रोज का बघतो, ते मला तेव्हा कळलं. कधीतरी ते माणूस विरघळेल आणि आपल्या डोळ्यांदेखत विरघळेल, या आशेवर बघतो. माझी छाती अशी फुगली म्हणतेस! हे माझ्या मुलीनं लिहिलंय, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यांना ते आधीच ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगितलं.

पण माझं मशीन सगळ्यांत शेवटी सुरू झालं ते वेगळ्याच कारणानं. ती वेणी माझ्या ओळखीची होती. तू पहिलीत असताना मी तापानं फणफणून इस्पितळात पडले होते. शुद्धीवर आले तेव्हा माझी वेणी घातलेली होती, अभ्र्याच्या चिंधीनं बांधलेली. मी नर्सचे आभार मानले, ती बिचारी नुसती हसली. पुढे वाटण्या झाल्या, माझ्या थोरल्या जावेनं, म्हणजे तुझ्या काकूनं, आणि मी एकमेकींना नाही नाही ते ऐकवलं, आणि आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच. तुझी थोरली म्हणजे काकूच, तो फणकारा, ते कमरेवर हात ठेवून उभं राहणं, हे मी पहिल्याच भागात ओळखलं होतं. पोरीनं बरी जिरवली, म्हणून खूशही झाले होते. पण ही वेणी तू आणलीस कुठून? मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तेव्हा तू काकूचं बोट धरून इस्पितळात येत होतीस. तू बघितलंस, आणि तिनं तुला कोणाला सांगू नकोस म्हणून दटावलं असणार. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि एवढी वर्षं गप्प राहिलीस, कमाल आहे तुझी!

आज कारखान्याला सुट्टी होती. उठले आणि सरळ काकूकडे गेले. पाय मोडल्यापासून ती टीव्हीसमोर खुर्चीत एकटीच बसून असते. मला बघून म्हणाली काय, तर चहा तुझा तूच कर, मला उठता येत नाही. वेणीचं विचारलं तर तिनं टीव्हीचा आवाज वाढवला. मग म्हणाली, तुझे ते केस बघवेनात मला, बस्स. आणि गंमत ऐक, ती थोरली म्हणजे आपणच, हे तिला सुरुवातीपासून माहीत आहे! रागावली असेल म्हणतेस? छे गं! माझ्या पुतणीनं मला अख्ख्या देशाला दाखवलं, म्हणून शेजारपाजारी मिरवतेय. मी निघाले तेव्हा मात्र तिनं खाली बघत हळूच विचारलं, की पुढे ती बाई काय करते गं? विषाचं मला तिला सांगवेना. मुलीला विचारून कळवते म्हणाले, आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसले. नोकरी सोडू नकोस, रडू तर मुळीच नकोस. सोमवारी साहेबांपुढे ताठ उभी राहा आणि सांग, की ज्या धाकटीच्या दुधात विष कालवा म्हणता, ती माझी आई आहे. चांगली धडधाकट आहे, आणि थोरलीला ती तुमच्यापेक्षा जास्त ओळखते. थोरली विष घालणार नाही.

तुझीच,
आई