चंपा गाभण आहे

१ जानेवारी १९७९, साकोली
खताच्या दुकानदाराने डायरी दिली. नवीन वर्षाचे संकल्प तीन. रोज लिहिणे. चहा दोनच कप. आणि चंपापासून खेचरांचा धंदा उभा करणे. चंपाला परवाच एका वीटभट्टीवाल्याकडून आणली. मजबूत खेचर आहे, मादी. जंगलातून बांबू काढणाऱ्या ठेकेदारांना खेचरं मिळत नाहीत. वर्षाला एक पिल्लू धरलं तरी दहा वर्षांत कळप. मग कारकुनी गेली खड्ड्यात.
ऑफिसात एकालाही गाढव आणि खेचर यातला फरक सांगता आला नाही. नोंद करून ठेवतो. गाढवाचे कान लांब, खेचराचे मध्यम. गाढवाची शेपटी गाईसारखी, टोकाला गोंडा. खेचराची घोड्यासारखी केसाळ. खेचर ओरडलं की सुरुवात घोड्यासारखी होते, शेवट गाढवासारखा. बाप गाढव, आई घोडी. म्हणजे दोघांचे गुण एका ठिकाणी.

२ जानेवारी
चहा पाच कप. थंडी फार.

१५ जानेवारी
शेजारी उषाबाईंच्या नातवाचं बोरन्हाण. सगळ्या बाया गेल्या, धुरपताला बोलावलंच नाही. ती दिवसभर चंपाला कोंडा चारत बसली. माय म्हणते, नऊ वर्षं झाली लग्नाला, आता आणखी किती वाट पायची.
मागच्या महिन्यात धुरपताला भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं. तिच्यात दोष नाही म्हणाला. आता नवऱ्याची तपासणी करा म्हणाला आणि तशी चिठ्ठी लिहून दिली. फार पोरगेला डॉक्टर. मी शाळेत कबड्डीचा कॅप्टन होतो, माझ्यात कसला दोष? घरी सांगितलं की डॉक्टरने देवावर सोपवलं आहे. चिठ्ठी डायरीत खूण म्हणून ठेवली. कागद चांगला जाड आहे. धुरपताला वाचता येत नाही, हे एक बरं.

४ मार्च
परसराम धोब्याचं गाढव चंपासाठी आणलं. परसरामचं आपलं सुरू, की बाबूजी, खेचराले पिल्लू होत नसते, कायले माह्या गध्याले तरास देता. त्याला म्हटलं, तू कपडे धू. अडाणी लोकांमुळेच जिल्हा मागे राहिला.

२१ जुलै
चंपाचं पोट दिसून राहिलं! ऑफिसात जाहीर केलं, चंपा गाभण आहे. हेडक्लार्क यादोराव इतके हसले की चष्मा पडला. जळतात.
व्यायाम सोमवारपासून.

२३ जुलै
सोमवार. पाऊस. व्यायाम पुढच्या सोमवारी.

१२ ऑगस्ट
माय धुरपतासमोरच म्हणाली, जनावराले होते अन् हिले होत नाही. चंपा व्याली की हिले माहेरी पोचवून दे म्हणाली. धुरपता भाकरी थापत राहिली. मी चिठ्ठीबद्दल बोलणार होतो. पण तवा तापला होता, आणि जेवायच्या वेळी असले विषय काढू नयेत.

१९ सप्टेंबर
ढोर डॉक्टर आले. चंपाला हात लावून म्हणाले, पिल्लू नाही, कोंडा आहे. खायला कमी द्या.
मग म्हणाले की घोड्यात क्रोमोसोम चौसष्ट, गाढवात बासष्ट, खेचराच्या वाट्याला त्रेसष्ट. जोड्या जुळत नाहीत, म्हणून खेचर वांझ. गाढवाला पिल्लू होतं, घोड्याला होतं, खेचराला नाही. आठ महिने मला हे कोणीही सांगितलं नाही.
धुरपता दारात उभी होती. परक्या माणसाशी कधी न बोलणारी बाई, पण तिने पदर सावरून विचारलं, की नर असला तरी का? डॉक्टर म्हणाले, नर असला तरी. दिसायला तगडा, ओझं वाहायला पक्का, पण पोर नाही.
ती माझ्याकडे पाहत राहिली. काहून पाहून राहिली, कळलं नाही. चंपाला पाणी दाखवायचं राहिलं होतं, म्हणून असेल.

२ ऑक्टोबर
सुट्टी. माय म्हणाली, चंपा व्यायचीच नाही तर आता कायची वाट पायची, हिले आजच पोचव. धुरपताला तुमसरकडे तिच्या माहेरी सोडून आलो. बसने गेलो. उतरल्यावर म्हणाली, चंपाले मारू नका, तिचा काय गुन्हा आहे. तिच्या भावाने, ईश्वरने, पाणीसुद्धा विचारलं नाही. लोकांत माणुसकी राहिली नाही.
परतताना रडलो. खिडकीतून धूळ फार येते.

१८ मे १९८०
जुन्या डायरीची पानं खूप उरली आहेत. तारखा खोडून वापरतो. पंचांसमोर काडीमोड झाला होताच. आज पुष्पाशी लग्न लागलं. सातवी पास! अक्षर मोत्यासारखं. नवीन सुरुवात. चहा दोनच कप.

३ ऑगस्ट
धुरपताने पाट लावला म्हणे. राइस मिलमधला कोणी जागेश्वर. बिचाऱ्याला पोर काही मिळणार नाही. कोणीतरी त्याला सांगायला पाहिजे होतं.

५ फेब्रुवारी १९८३
पुष्पालाही काही नाही. माय पुन्हा वर्षं मोजून राहिली. दोन्ही वेळा माझ्याच नशिबात अशी बाई यावी! सोमवारी पुष्पाला माहेरी पोचवायचं ठरलं.

६ फेब्रुवारी
चंपावर धानाचं पोतं घालून बसस्टँडवरून जात होतो. समोर धुरपता. कडेवर पोरगा. नाक तिचंच. चंपाकडे हात करून घोला घोला करत होता. ती म्हणाली, नाही रे बाबू, घोडा नाही, खेचर आहे ते. चंपाच्या मानेवरून हात फिरवला. चंपाने तिला ओळखलं.
माझ्याकडे तिने पाहिलं नाही. बरं झालं, माझी दाढी वाढली होती.

७ फेब्रुवारी, सोमवार
आंघोळ करून आलो तर पुष्पाच्या हातात ही डायरी. चिठ्ठी तिने मायला वाचून दाखवली. बायकोत दोष नाही, पतीची तपासणी आवश्यक, आणि खाली तारीख, डिसेंबर १९७८ची. माय उठून ओसरीवर जाऊन बसली.
पुष्पाने विचारलं, धुरपताबाईले हे ठाऊक होतं का? मी म्हटलं, आधी चहा टाक.
तिने पेटी भरूनच ठेवली होती. पोचवायला येऊ नका म्हणाली. चिठ्ठी टेबलावर ठेवून गेली. सातवी पास बायको केली, हीच चूक.
माय अजून जेवली नाही. भंडाऱ्याला जाऊन यावं म्हणतो. या आठवड्यात ऑफिसात काम फार आहे.
आत्ता चंपा ओरडली. सुरुवात घोड्यासारखी झाली. पुढचं लिहीत नाही.